न घुमणारी गिटार

आमच्या भागात वाद्य नुसतं विकत घेत नाहीत, ठोकून घेतात. ढोलकी असो की पेटी, गिऱ्हाईक आधी बोटाच्या पेरानं तिच्यावर टकटक करतं, मान कलती करतं आणि डोळे मिटतं. माठ घेताना आणि टरबूज घेताना जे करायचं तेच. आवाज घुमला की वस्तू अस्सल, बद्द वाजला की फुटकी. माझं सगळं आयुष्य वाद्यांच्या दुकानात गेलं आणि ही परीक्षा बहुतेक वेळा बरोबर निघालेली मी पाहिली आहे. एकदा मात्र ती चुकली. संपादकांनी ‘व्यवसायातल्या रम्य आठवणी’ मागितल्या होत्या. रम्य माझ्याकडे फारसं काही नाही, ही आहे.

मी मूळचा नांदेडचा. तिथल्या रहीमचाचांच्या दुकानात तबल्याची शाई कुठली आणि पेटीचा सूर कुठला हे शिकलो. पुढे लातूर जिल्हा झाला. तालुक्याच्या गावाचा जिल्हा झाला की नेमकं काय बदलतं, हे मी जवळून पाहिलं आहे : पाट्या बदलतात. हॉटेल असेल तर ते ‘जिल्हा हॉटेल’ होतं, एका न्हाव्यानं ‘जिल्हा केशकर्तनालय’ अशी पाटी लावली होती. पाऊस मात्र कोणत्याच पाटीला भुलला नाही. जिल्हा झाल्यानंतरच्या दोन-तीन पावसाळ्यांत तो आमच्याकडे पाहुण्यासारखा आला, उंबऱ्यावरूनच परत गेला.

रहीमचाचांनी मात्र पाटीच्या पलीकडचं पाहिलं होतं.

“जिल्हा हुआ बोले तो साहब लोगां आते,” ते मला म्हणाले. “साहब लोगां आते तो उनके बच्चे गिटार मंगते. जाव मियाँ, लातूर कू दुकान डालो.”

आणि मी लातूरला शाखा उघडली. साहेब लोक आले, हे खरं. त्यांची मुलं गिटार मागत, हेही खरं. ती वाजवत असत असं मात्र म्हणवत नाही. एका अभियंत्याच्या घरी मी दिलेली गिटार दिवाणखान्यात सांबरशिंगाच्या शेजारी लटकलेली पाहिली. दोघांची अवस्था सारखीच होती.

आता थोडं धंद्याविषयी. गिटार दोन जातींची. एकीला लोखंडी तारा, दुसरीला नायलॉनच्या. लोखंडी तार खणखणीत बोलते आणि बोटं सोलते. नायलॉनची मऊ, गळ्याशी बोलल्यासारखी. घरात बसून ऐकायला तिच्यासारखी नाही, पण मैदानात तिचा आवाज तिसऱ्या रांगेपर्यंतही जात नाही. लोखंडी तारेचा आवाज वाढवणं सोपं : तारांखाली चुंबक बसवायचा, तार हलली की चुंबकाला कळतं. नायलॉन चुंबकाच्या नात्यातलंच नाही. उदगीरच्या एका अडत्याच्या चिरंजीवांनी नायलॉनच्या गिटारीवर महागाचा चुंबक बसवून आणला, वायर लावली, घरातल्यांना समोर बसवलं आणि जोरात हात फिरवला. काहीच नाही. त्यांच्या वडिलांनी दुकानात येऊन मला फार सभ्यपणे विचारलं, “मालक, पोराचं शिक्षण चाललंय का पोरगं आमाला येड्यात काढून राहिलंय?”

नायलॉनसाठी मग दुसरी युक्ती करावी लागे. रेकॉर्ड प्लेअरची सुई ज्यात बसते तो स्फटिकाचा तुकडा मोडक्या प्लेअरमधून काढायचा आणि गिटारीच्या घोडीखाली, म्हणजे तारा जिथं टेकतात त्या पट्टीखाली, चिकटवायचा. लाकूड थरथरलं की तो तुकडा वीज सोडतो, ती ॲम्प्लिफायरला द्यायची. आज तयार बसवलेल्या गिटारी मिळतात. तेव्हा आम्हीच वैदू.

सोनकांबळे पती-पत्नी दुकानात आले ते आषाढातल्या एका कोरड्या दुपारी. मारुतीराव सोनकांबळे पाटबंधारे खात्यात कारकून होते. त्या वर्षी खात्याकडे पाट होते, बंधारेही होते. निलंग्याहून त्यांची लातूरला बदली झाली होती. पण तालुक्यात त्यांना कारकून म्हणून कुणी ओळखत नसे. भीमजयंतीला त्यांचा आवाज लागला की भोंग्याची गरज पडत नाही, अशी ख्याती होती. मी स्वतः एकदा बसमधून जाताना रस्त्यावरून तो आवाज ऐकला होता, आणि बसच्या ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं होतं.

म्हणून मी उठून नमस्कार केला, “या शाहीर,” म्हणालो. ते हसले. बोलल्या त्या सुलोचनाबाई, त्यांच्या पत्नी.

“नायलॉनची गिटार दाखवा. आन् त्यांना बोलायला लावू नका. गळ्याचं आपरेशन झालंय.”

मारुतीराव काउंटरवर वाकले आणि म्हणाले, “थोडं थोडं बोलतो की मी.” तो आवाज नव्हताच. वाळलेल्या कडब्यातून वारा गेल्यासारखं काहीतरी होतं. मला कुठं पाहावं कळेना.

हकिगत अशी की दवाखान्यात ते बरेच महिने होते. तिथला एक ब्रदर संध्याकाळी वॉर्डात नायलॉनची गिटार वाजवत बसे. त्याच्याकडून मारुतीराव चार सुरावटी शिकले आणि त्यांच्या लक्षात आलं, की पेटी, ढोलकी, बेंजो यांच्यासमोर आपला उरलेला आवाज बुडतो, ह्या वाद्यासमोर बुडत नाही. कुजबुजत का होईना, सुरात गाता येतं. घरच्या घरी ते गात. इतपत सगळं ठीक होतं. पण नव्या जिल्ह्याचा वर्धापनदिन तोंडावर आला होता, मैदानावर मोठा कार्यक्रम होता. कलावंतांची यादी करणाऱ्यांनी जुनी नावं उतरवून काढली, त्यात शाहीर सोनकांबळे होते. निमंत्रण आलं. आणि ह्यांनी होकार कळवून टाकला.

“त्यांना सांगितलं का, गळ्याचं?” मी विचारलं.

“न्हाई,” सुलोचनाबाई म्हणाल्या. “सांगितलं तर नाव काढतेत. न्हाई सांगितलं तर मैदानात माती व्हती. मी म्हनलं नगं जाऊ. तर म्हनतेत, एकदा कळू दे मला, मी हाय का संपलो.”

मारुतीराव छताकडं पाहत होते.

दुकानात तेव्हा नायलॉनच्या तीन गिटारी होत्या. मी तिन्ही काढल्या. सुलोचनाबाईंनी पदर खोचला आणि एकेकीवर टकटक केलं, रांजण घेताना करावं तसं. तिसरी, पातळ पाठीची, हलकी, अशी घुमली की काउंटरवरची काच थरथरली.

“हीच घ्या,” त्या म्हणाल्या. “ही आपुनहून बोलून राहिली. ह्यांना कमी जोर लागंल.”

तर्क अगदी बरोबर होता. मारुतीरावांनी वाजवून पाहिली, त्यांचा चेहरा उजळला. मलाही तीच आवडली, म्हणून मी तिच्यात स्फटिक बसवून दिला. दुकानातल्या लहान ॲम्प्लिफायरवर ती साखरेसारखी वाजली. पण दुकान म्हणजे मैदान नव्हे, ही शंका मला तेव्हाच आली होती, आणि शंका आली की मला झोप येत नाही. मी म्हणालो, कार्यक्रमाच्या आधी मैदानावर एकदा वाजवून बघू.

कार्यक्रमाचं साउंड शिवाप्पाकडे होतं. शिवाप्पा माइकवाला जातिवंत शिवभक्त. कपाळावर विभूती लावल्याशिवाय तो वायरला हात लावत नसे, आणि त्याच्या वायरी पाहता तो शहाणपणाच करत होता. त्यानं मैदानावर पुरुषभर उंचीच्या स्पीकरच्या पेट्या रचल्या होत्या. मारुतीराव स्टेजवर बसले, मी वायर लावली, शिवाप्पानं बटण फिरवलं.

दोन सूर बरे गेले. मग त्यांनी सगळ्यात जाड तारेचा, मानेवरच्या पट्ट्यांमधल्या तिसऱ्या घरातला सूर छेडला, आणि तो सूर थांबलाच नाही. बोट काढलं तरी वाढतच गेला, रेड्यासारखा हंबरू लागला. मंडपाच्या बांबूवरची कबुतरं उडाली. शिवाप्पानं बटण बंद केलं.

असं का होतं ते सांगतो. घुमणाऱ्या गिटारीची पेटी म्हणजे अतिशय तिखट कान. स्पीकरमधून तिचाच आवाज बाहेर पडतो, तो तिच्या पेटीवर आदळतो, पेटी पुन्हा थरथरते, स्फटिक ते इमानदारीनं ॲम्प्लिफायरला कळवतो, स्पीकर आणखी मोठ्यानं ओरडतो. जावाजावांचं भांडण असंच चढतं : एकीचा शब्द दुसरीनं झेलायचा आणि दीडपट करून परत करायचा. म्हणजे जी गिटार घरात सगळ्यात गुणी, तीच स्टेजवर सगळ्यात भांडखोर.

आम्ही तिच्या तोंडात, म्हणजे मधल्या भोकात, पंचा कोंबून पाहिला. थोडं कमी झालं, पण आवाज वाढवताच पुन्हा हंबरडा.

“तोंडात बोळा घालून कुनी गातंय व्हय?” सुलोचनाबाई खालून म्हणाल्या.

मारुतीराव गिटार मांडीवर आडवी ठेवून, तिच्यावर पालथा हात ठेवून बसून राहिले, तापलेल्या माणसाच्या कपाळावर ठेवतात तसा. मला एवढंच दिसत होतं : ह्या माणसानं आपण आहोत की संपलो याचा निकाल त्या स्टेजवर लावून घ्यायचं ठरवलं आहे, आणि निकाल माझ्या वस्तूमुळे चुकीचा लागणार आहे. लोक म्हणणार, गळा गेला आणि वाद्यही केकाटलं. त्यानंतर तो माणूस घरातसुद्धा गाणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं मी नांदेडला गेलो. रहीमचाचांच्या दुकानाच्या माळ्यावर एक गिटार पडून होती हे मला आठवत होतं. मुदखेडच्या रेल्वे कॉलनीतल्या एका निवृत्त गार्डानं ती विकली होती. बुटक्या, उथळ पेटीची, वरची फळी जाड प्लायवूडची. तीही नायलॉनचीच. ठोकली तर दाराची चौकट ठोकल्यासारखी वाजे. वर्षानुवर्षं ती कुणी घेतली नव्हती, आणि चाचांनीही कुणाला दाखवली नव्हती.

“ये?” चाचा म्हणाले. “मियाँ, ये गूंगी है. गूंगी चीज बेच के मेरी इज्जत कायकू डुबाते?”

“चाचा, मला गूंगीच पाहिजे.”

“तुमना गर्मी लगी. बैठो, पानी पियो. पानी भी नक्को पियो, मटके में थोडाच है.”

मी त्यांना भांडणाचा सगळा हिशेब समजावून सांगितला : जी स्वतःहून बोलत नाही ती स्पीकरचं ऐकूनही घेणार नाही. तारेची थरथर मात्र घोडीखालच्या तुकड्याला मिळणारच. चाचांनी ऐकून घेतलं, पटलं नाही. “बाजा बहरा, गवैया गूंगा,” ते म्हणाले, “और मजमा हजारों का. अल्लाह मालिक.” गिटार त्यांनी दिली ती वर्तमानपत्रात गुंडाळून, दुकानाचं नाव छापलेल्या पिशवीत नाही. कुणी विचारलं तर कुठून आणली सांगू नको, अशी शपथही घातली. ती मी आज मोडतो आहे. चाचा आता नाहीत, आणि असते तरी त्यांना अजूनही पटलं नसतं.

परतीच्या बसमध्ये ती मांडीवर घेऊन बसलो आणि वाटभर स्वतःशीच हिशेब तपासला. तर्क माझा होता. तो मी कुठंही वाचलेला नव्हता. मला विज्ञानाची पुस्तकं वाचायचा नाद होता, पण निलंग्याच्या शाहिराचा गळा गेल्यावर कोणती गिटार घ्यावी, हे प्रकरण त्यांत नसतं.

सोनकांबळ्यांच्या खोलीवर गेलो. वर्तमानपत्र सोडलं. सुलोचनाबाईंनी सवयीनं टकटक केली आणि त्यांचा हात जागीच थांबला. पुन्हा केली. मग माझ्याकडं पाहिलं.

“मालक, ही मुकी हाय.”

“हो, म्हणूनच आणली,” मी म्हणालो, आणि जीभ चावली.

“म्हनूनच?” त्या उभ्या राहिल्या. “आमच्या मानसाला आवाज न्हाई म्हनून त्याला मुकी गिटार? जोडीला जोडी? आमी काय पैसं देऊन थट्टा इकत घ्यायला आलो व्हतो?”

मी स्पष्टीकरण देऊ लागलो ते इतकं लांबलं, की मलाच ते खोटं वाटायला लागलं. तेवढ्यात मारुतीरावांनी गिटार उचलली. वाजवली. खोलीत ती खरंच कीव यावी अशी वाजली, तार तुटकी-तुटकी. त्यांनी कान घोडीशी नेऊन पुन्हा वाजवली. मग त्या कडब्यातल्या वाऱ्यातून म्हणाले, “सुलू, मुकी न्हाई ही. हळू बोलून राहिली. जवळ यावं लागतंय.”

सुलोचनाबाई खाली बसल्या. मला म्हणाल्या, “च्या घेता का? दूध हाय, पानी बगते.”

मी स्फटिक ह्या गिटारीच्या घोडीखाली बसवला, पण मैदानावर पुन्हा तपासून पाहायला वेळ मिळाला नाही. मंडप पोलिसांनी ताब्यात घेतला होता. बंदोबस्ताला सुरांचं काय. म्हणजे जे व्हायचं ते थेट लोकांसमोर.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारपासूनच मैदानावर टँकर होता. प्यायला नाही; पाहुण्यांच्या गाड्यांनी धूळ उडू नये म्हणून जमिनीवर पाणी मारायला. टँकर मैदानाभोवती फिरत होता आणि त्याच्या मागं मागं बाया घागरी घेऊन चालत होत्या. शेवटी कुणा शहाण्या हवालदारानं तो मैदानाच्या मागच्या टोकाला उभा करवला आणि नळी बायांच्या हवाली केली. वर्धापनदिनाचं खरं उद्घाटन ते. पुढं स्टेजवर जे झालं त्यात दीप होता, कोनशिला होती, आणि प्रत्येक वक्त्यानं ‘मी आपला फार वेळ घेणार नाही’ असं म्हणून तो घेतला.

मारुतीराव स्टेजच्या मागं खुर्चीत बसले होते. ओठ कोरडे. माझे त्यांच्याहून कोरडे. सुलोचनाबाई माझ्याजवळ आल्या.

“मी मागल्या टोकाला जाऊन थांबते. आवाज आला तर हात वर करते. न्हाई आला तर तुमी बटन वाढवा.”

“फार वाढवलं तर केकाटेल.”

“केकाटलं तर बी मला तिथंच राहू द्या,” त्या म्हणाल्या, आणि घरून आणलेली घागर-कळशी उचलून गर्दीत गेल्या.

नाव पुकारलं. ‘खणखणीत आवाजाचे शाहीर’ असं निवेदक म्हणाला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या, कारण तो आवाज त्यांनी ऐकलेला होता. मारुतीराव माइकजवळ बसले, ओठ जाळीला टेकवले, गिटारीवर बोटं फिरवली.

स्टेजवरून काहीतरी पुटपुटल्यासारखं आलं. पुढच्या चार रांगा पुढं वाकल्या. मागून आरोळी आली, “आवाज!” मग चार ठिकाणांहून, “आवाऽऽज! माइक बंद हाय!” कुणीतरी शिट्टी मारली. मी मागच्या टोकाकडं पाहिलं. डोकी, फेटे, धूळ, टँकरची टाकी. हात दिसेना.

“वाढवू का?” शिवाप्पा म्हणाला. त्याचं बोट बटणावर होतं, जिथं काल-परवा दुसऱ्या गिटारीनं हंबरडा फोडला होता तिथंच.

“वाढव.”

“शिवशिव,” म्हणत त्यानं बटणाचा काटा पुढं सरकवला. मारुतीरावांचं बोट जाड तारेकडं चाललं होतं. तिसरं घर. सूर निघाला, मैदानभर पसरला, आणि विरला. विरला! आपला आपण संपला, भल्या माणसासारखा. शिवाप्पानं माझ्याकडं पाहिलं आणि न विचारता काटा आणखी सरकवला.

मग तो आवाज आला. तो पूर्वीचा आवाज नव्हता. कुणी फक्त आपल्या कानाशी बोलावं, आणि तेच त्यानं एकाच वेळी हजार जणांच्या कानाशीही बोलावं, असा होता. आरोळ्या बंद झाल्या. लोकांना तो आवडला की नाही, हे मला ठरवता येत नव्हतं. टाळ्या नव्हत्या, ठेका नव्हता, डोलणं नव्हतं. गप्प बसलेली गर्दी फार भीतिदायक असते; ती ऐकते आहे की कीव करते आहे, हे पाठमोऱ्या डोक्यांवरून कळत नाही. मी पुन:पुन्हा मागं पाहत होतो. हात नाही.

गाणं संपलं. टाळ्या उशिरा आल्या, शिष्टाचाराच्या की मनाच्या, कोण जाणे. निवेदकानं लगेच पुढचं नाव घेतलं. मारुतीराव खाली उतरले आणि त्यांनी मला एकच विचारलं, “सुलू कुठं हाय?”

आम्ही दोघं मंडपाच्या कडेनं मागं निघालो. ते भरभर चालत होते आणि मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होतो : स्पीकर पुढं रचले होते, वारा उलटा होता, पुढच्या वेळी मागं एक पेटी लावू.

सुलोचनाबाई आमच्याकडंच येत होत्या. डोक्यावर घागर, काखेत कळशी, दोन्ही काठोकाठ. पदर चिंब भिजला होता.

“हात वर करायचं ठरलं होतं ना?” मी जवळजवळ ओरडलोच.

“कसा करू? दोन्ही हात गुतलेत की.”

मारुतीरावांनी घागर उतरवून घेतली. ती हातात धरूनच त्यांच्याकडं पाहिलं.

“माझा नंबर लई मागं व्हता,” त्या म्हणाल्या. “तुमचा आवाज मागं पोचला आन् सगळ्या बाया रांग मोडून गानं ऐकायला पुढं गेल्या. टँकरपाशी मी एकलीच उरले.”